आबांचा मत्स्यजन्य पाय

माझे साडू रावजी हे इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. वयानं ते माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत आणि तोऱ्यानं चाळीस. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढ्या एका कारणासाठी मला बत्तीस वर्षं या माणसाची मतं ऐकून घ्यावी लागली. मी वालचंदनगरच्या कारखान्यात भांडारात नोकरी केली, निवृत्त झालो, लोणी भापकरला घर बांधलं, आणि मी मासे खातो. आधीच्या तीन गोष्टी आबांना कधी दिसल्याच नाहीत.

आबा माळकरी. आता माळकरी माणसं आमच्याकडं पुष्कळ आहेत आणि बहुतेक मऊ, आपल्या ताटापुरतं पाहणारी. आबा दुसऱ्याच्या ताटात डोकावायचे. इंदापूर तालुक्याला उजनीचं पाणी आणि त्या पाण्यात चिलापी मासा. आठवड्यातून दोनदा मासेवाला मोटारसायकलला पाटी बांधून वरकुट्यात येतो. तो आला की आबा घराच्या खिडक्या लावून घेत आणि लावलेल्या खिडकीच्या फटीतून तो कुणाकुणाच्या दारात थांबतो ते बघून ठेवत. संध्याकाळी पारावर त्या त्या माणसाला त्याचं पाप सांगितलं जाई.

त्यांच्या घरात 'मासा' हा शब्दच चालत नसे. बोलायची वेळ आलीच तर 'ते' म्हणायचं. त्यांची धाकटी लेक प्रगती अंगणवाडीत जायला लागली तेव्हा तिथल्या तक्त्यावर 'म मासा' होतं. आबांनी खळ करून आणली आणि त्यावर मक्याच्या कणसाचं चित्र चिकटवलं. मीन रास मात्र त्यांना चालायची, कारण ती संस्कृत. संस्कृत नाव लावून आलेली कुठलीही गोष्ट त्यांना आपोआप सोवळ्यातली वाटे, आणि या समजुतीनंच पुढं त्यांचा घात केला.

प्रगती हुशार निघाली. बारामतीला राहून ती जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करत होती आणि शेवटची परीक्षा व्हायच्या आधीच, गेल्या एप्रिलमध्ये, तिथल्याच एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली. पत्र घेऊन पोरगी घरी आली. आबांनी विचारलं, कंपनी काय करती? शास्त्र शिकलेली पोरगी, तिनं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. ती म्हणाली, तिथं आधी खवलं आणि कातडं स्वच्छ करून घेतात. कशाचं कातडं, आबांनी विचारलं. ती म्हणाली, "त्यांचं." आबा उठले आणि गोठ्यात निघून गेले.

तिनं तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा आबा उठून गेले, तिसऱ्यांदा तर अर्ध्या भाकरीवरून. पुढं त्या खवल्यांचं काय होतं हे त्यांच्या कानावर गेलंच नाही. त्यांनी ठरवून टाकलं की माळकऱ्याची लेक कारखान्यात बसून मासळी खरवडणार. सोयरेधायरे काय म्हणतील, हा पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं. कंपनीनं प्रगतीला सांगितलं होतं, शिक्षण पुरं करून एक जुलैला हजर व्हा, त्यानंतर जागा दुसऱ्याला जाईल. तिनं मला फोन केला, "काका, तुमी एकदा सांगून बघा." मी वरकुट्याला गेलो. मी टेकायच्या आत आबा उठले.

आणि याच दिवसांत त्यांचा पाय सडत होता.

झालं असं होतं की डिसेंबरात दोडक्याचा मांडव आवळताना तारेचं टोक त्यांच्या डाव्या तळपायात घुसलं. साखर त्यांना आठ वर्षांपासून होती, पण साखर ही मांसाहाऱ्यांना होते असं त्यांचं मत असल्यानं ती ते मोजत नसत. जखम चार महिने भरली नाही. हळद झाली, कसला कसला पाला झाला, एका लांबच्या पाहुण्यानं दिलेलं काळं मलमही झालं. शेवटी सिंधुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या बायकोला फोन करून सांगितलं की पायाला वास मारतोय आणि हे दिवसभर उदबत्त्या लावत बसलेत. तीन घरं पलीकडं कढईत काय पडलंय ते ओळखणारं नाक, पण स्वतःच्या पायाचा वास त्याला येत नव्हता.

मी त्यांना बारामतीला बोलावलं. ते वरकुट्याहून एसटीनं आले, मी लोणी भापकरहून गाडी घेऊन स्टँडवर गेलो. मी पोचायच्या आत त्यांनी उसाचा दोन ग्लास रस घेतला होता.

डॉक्टर रश्मी माझ्या ओळखीच्या. त्यांचे वडील ज्ञानू माझ्याबरोबर भांडारात होते, शेजारच्या टेबलावर. ज्ञानूच्या बापानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, ज्ञानूनं पोरांना शिकवलं, आणि आता पोरगी जखमांची सर्जन झाली आहे. आबा टेबलावर पाय पसरून बसले आणि पहिला प्रश्न त्यांनी पायाबद्दल विचारला नाही. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमी कुठल्या म्हणायच्या?"

"वालचंदनगरच्या."

"तसं न्हाय. मूळ?"

डॉक्टर हात धूत होत्या. हा प्रश्न त्यांना पहिलीच्या वर्गापासून येत असणार. "मूळही वालचंदनगरच, कंपनीची चाळ," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव दारावरच्या पाटीवर आहे. पाय जरा वर घ्या." आबांनी मान वळवून पाटी वाचली. मग नर्सनं पाणी आणलं तेव्हा त्यांना एकाएकी आठवलं की आज आपला उपवास आहे. मला लाज वाटली आणि रागही आला. उसाच्या रसाचं मी तिथल्या तिथं डॉक्टरांना सांगून टाकलं.

डॉक्टरांनी जखम तपासली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. दोन बोटांकडं रक्त कमी जातंय. हे असंच वर चढलं तर पाय घोट्यातून काढावा लागेल. आधी मेलेलं मांस काढायचं, साखर ताब्यात आणायची, पाय जमिनीला टेकवायचा नाही. आणि मग जखमेत एक पटल बसवायचं, पापुद्र्यासारखं पातळ.

आबांनी विचारलं, त्यानं काय हुतंय? डॉक्टरांनी त्यांना विचारलं की शेतात काय आहे. दोडका, म्हणाले. मग डॉक्टर म्हणाल्या की दोडक्याचा वेल मांडवाशिवाय जमिनीवर लोळतो तसं तुमच्या जखमेत झालंय, नवं मांस यायला बघतंय पण त्याला चढायला काही नाही. हे पटल म्हणजे मांडव. त्याच्या बारीक बारीक भोकांतून तुमचं मांस आणि रक्ताच्या नळ्या चढत जातील, आणि वेल आपल्या पायावर उभा राहिला की मांडव आपोआप विरून जाईल. आबांना हे लगेच पटलं. मांडव सोडायला न लागता निघून जातो हे ऐकून तर त्यांना हेवा वाटला. पण अंगात परकी वस्तू राहील का, त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, शरीर परक्याला हाकलून देतं, पू करतं, ताप आणतं. या पटलाला मात्र ते घरचं समजतं. माझ्या मनात आलं की या माणसाचं शरीर माणसापेक्षा बरंच समजूतदार आहे.

मग संमतीचा कागद आला. डॉक्टर म्हणाल्या, हा वाचा, यात पटल कशाचं आहे ते लिहिलंय, तुम्ही माळकरी आहात म्हणून मुद्दाम सांगते, मी वाचून दाखवते. आबांना वाचून दाखवायचं म्हणजे त्यांचा अपमान. वर्षानुवर्षं पोथी वाचणारा माणूस. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि खड्या आवाजात वाचलं, "मत्स्यजन्य, जैवसुसंगत पटल."

वाचून त्यांनी कागदाला हात जोडले.

"चालेल ना तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"न चालायला काय झालं? पैला अवतार त्यो. वेद वाचवले त्यानं, माझा पाय न्हाय व्हय वाचवणार?" आबा म्हणाले आणि सही ठोकली.

डॉक्टर माझ्याकडं बघून हसल्या. एवढ्या मोकळ्या मनाचा माळकरी त्यांनी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. मला वाटलं, पायावर बेतलं तेव्हा माणूस शहाणा झाला. मेलेलं मांस काढून साखर खाली यायला आठवडा गेला आणि पुढच्या खेपेला पटल बसलं.

त्या दिवशी स्टँडवर चहा पिताना आबा म्हणाले, कंपनीवाले भाविक दिसत्यात. मी विचारलं, कोण कंपनीवाले? ते म्हणाले, "मत्स्यजन्यवाले." आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडच्या दुकानात गणपतीच्या नावाचं बियाणं मिळतं, लक्ष्मीच्या नावाचं खत मिळतं, विहिरीवर मारुतीच्या नावाची मोटार असते. तशी ही त्यांच्या लेखी मत्स्यावताराच्या नावाची कंपनी, आणि तिचा पापुद्रा. चहा माझ्या नाकात गेला.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला कळतं. पण माणूस पट्टी फाडून स्टँडवर फेकेल आणि पाय घालवून बसेल, ही भीती खरी होती. मी खोटं बोललो नाही, खरं तेवढं गिळलं. घरी जाऊन सिंधुबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाय ऱ्हाऊ द्या. मग बघू."

पाय राहू लागला. दर आठवड्याला पट्टी बदलायची, जुनं पटल विरलेलं असायचं, गरज पडली तर नवं लावायचं. महिन्याभरात जखमेचा तळ लाल झाला, मग कडेनं नवी कातडी आत सरकू लागली. आबांच्या जिभेलाही तरतरी आली. एका पायावर खाटेत बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला मत्स्यपटलाचा महिमा सांगू लागले. ज्यांनी कधी कुणाला तीर्थालाही पाठवलं नव्हतं त्यांनी दोन माणसं डॉक्टर रश्मींकडं पाठवली. पटलाचं रिकामं पाकीट त्यांनी नर्सकडून मागून आणलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. रोज त्याला हळदकुंकू वाहिलं जाऊ लागलं.

मे महिन्यात प्रगती परीक्षा संपवून घरी आली आणि देव्हाऱ्यापुढं दिवा लावताना तिनं ते पाकीट पाहिलं. मागच्या बाजूला कंपनीचा पत्ता होता, एमआयडीसीचा. तिच्या पत्रावर होता तोच.

तिनं मला फोन केला तेव्हा ती हसत होती की रडत होती मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, अगं, मग तुझं काम झालं. जा आणि सांग त्यांना की तुम्ही ज्याला हळदकुंकू वाहता ते चिलापीचं कातडं आहे आणि तेच मी करणार आहे. एका वाक्यात नोकरी मिळेल. ती म्हणाली, "काका, अजून दीड इंच जखम उघडी हाय. त्यांनी पट्टी काढून टाकली तर पाय जाईल. नोकरी दुसरी बघता येईल."

असं म्हणणारी पोरगी, आणि तिचा बाप रोज तिला ऐकवत होता की नोकरी करायचीच तर मत्स्यजन्यवाल्यांसारख्या पुण्यवान ठिकाणी कर, 'ते' खरवडायची हौस कशाला. ती मान खाली घालून ऐकायची. मला असा संताप यायचा की एकदा मी फोन उचलला आणि आबांचा नंबर लावला. त्यांनी उचलल्यावर पावसाचं विचारून ठेवून दिला.

जून संपत आला. डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीला तीस तारीख दिली, आणि एक जुलै तर ठरलेलीच होती. जखम पुरी भरली असं डॉक्टरांनी म्हटलं की तिथंच बोलायचं, असं प्रगतीनं ठरवलं आणि ती बरोबर आली. जमलं नाही तर जागा गेली.

टेबलावर आबा, शेजारी स्टुलावर प्रगती, मी भिंतीला टेकून उभा. डॉक्टरांनी पट्टी सोडली. गुलाबी, चकचकीत, पुरी भरलेली कातडी. डॉक्टरांनी घोट्याला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं ती कडेनं दाबून बघायला सुरुवात केली. प्रगतीनं बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवरच्या एका बाईंनी डॉक्टरांना विचारलं. त्यांच्या सासऱ्यांना हेच पटल सांगितलं होतं, पण ते माळकरी, ऐकत नव्हते. काय करावं?

"मग या आबांचं उदाहरण सांगा त्यांना," डॉक्टर मोठ्या कौतुकानं म्हणाल्या. "हेही माळकरी. पण चिलापी माशाच्या कातडीचं पटल म्हटल्यावर एका शब्दानं कुरकुरले नाहीत. बघा पाय."

बाईंनी पाय बघितला. आबांनी डॉक्टरांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातला जून वाचू लागलो.

"कशाच्या?" आबांनी विचारलं.

डॉक्टरांना आता काहीतरी चुकलंय हे कळलं. त्यांनी फाइलमधला कागद काढून पुढं धरला. आबांनी तो पुन्हा वाचला, या वेळी मनात. 'जन्य' म्हणजे त्यापासून झालेलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, आयुष्यभर पोथीत वाचलेला शब्द. खाली सही त्यांचीच होती, चांगली लफ्फेदार. दोष द्यायला खोलीत कुणी सापडत नव्हतं.

"काढा त्ये," ते म्हणाले.

"काय काढू आबा? ते आता तिथं नाही."

"गेलं कुठं मग?"

"तुमच्या शरीरानं खाल्लं," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "थोडं थोडं करून खाल्लं आणि त्याच्या जागी स्वतःचं मांस केलं. आता जे दिसतंय ते सगळं तुमचं आहे."

आबांचा हात गळ्यातल्या माळेकडं गेला. बत्तीस वर्षं मी या घटकेची वाट बघत होतो असं म्हटलं तरी चालेल. त्यांचा तोरा उतरलेला मला बघायचा होता. पण ते माळेचा एकेक मणी चाचपत होते, आणि मला बघवेना. चाळीस वर्षं माणसानं एक गोष्ट जिवापाड जपली होती. ती मूर्खपणानं जपली असेल, पण जपली होती.

"खाल्लं म्हणू नका डॉक्टर," ते अगदी हळू म्हणाले. "लावलं म्हणा."

डॉक्टर म्हणाल्या, बरं, लावलं.

मग प्रगती बोलली. तिचा आवाज चढला नाही. "आबा, मी बी लावायचंच करणार हाय. कुणाच्या ताटात वाढाय न्हाय चालले. तुमच्या पायाला लागलं त्ये त्याच कंपनीतलं हाय, मला पत्र आलंय तितलंच. उद्या हजर व्हायचा शेवटचा दिस."

आबा तिच्याकडं बघत राहिले. "तुला ठावं हुतं?"

"मे महिन्यापास्नं."

"मग बोलली का न्हाईस? लगीच मुकाट झालो असतो की मी."

"तुमी पट्टी काढली असती."

त्यांनी काढलीच असती. पलीकडच्या बाईही आता सासऱ्यांना विसरून ऐकत होत्या. आबा म्हणाले, "आन त्याच्या आदी? एप्रिलात?"

"तीनदा सांगाय आले, आबा. तीनी बारी तुमी उठून गेला."

आबांनी खाली बघितलं. डॉक्टरांनी त्यांचा घोटा अजून धरून ठेवला होता, दुसऱ्या हातात नवी पट्टी होती.

"आता न्हाय उठता येत," ते म्हणाले. "पाय यांच्या हातात हाय. सांग."

प्रगतीनं सांगितलं. खवलं आणि कातडं कसं धुतात, त्यातल्या माशाच्या पेशी काढून नुसता सांगाडा कसा उरवतात, शरीरानं त्याला घरचं समजावं म्हणून काय काय करतात, आणि त्यातलं तिच्या वाट्याला कुठलं काम येणार आहे. ती 'ते' म्हणाली नाही, मासा म्हणाली, चिलापी म्हणाली. दहाएक मिनिटं ती बोलत होती. डॉक्टरांची पट्टी केव्हाच बांधून झाली होती, पण त्यांनी घोटा सोडला नाही. मधे एकदा आबांनी विचारलं की भाजलेल्या पोराबाळांना बी लावत्यात का हे? ती व्हय म्हणाली. त्यांनी मान हलवली.

तिचं सांगून संपलं. आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, आणि मग लेकीकडं न बघता विचारलं, "संध्याकाळी सुटायचं कितीला?"

"साडेपाचला."

"वरकुट्याची येस्टी सव्वासाला हाय," आबा म्हणाले. "चुकवू नगंस."

प्रगतीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझ्याही.